व्हर्जन, श्रद्धांजली आणि डबा

'व्हर्जन साँग' म्हणजे काय, असं आजच्या कॉलेजातल्या मुलाला विचारलं तर तो 'कव्हर' म्हणेल आणि मोबाइलवर गिटार वाजवणारा एखादा गोड चेहरा दाखवेल. आमच्या पिढीला व्हर्जन म्हटलं की आठवते ती कॅसेट. वर मोठ्या अक्षरात रफी किंवा मुकेश, त्याखाली 'की यादें', आणि पार तळाशी बारीक अक्षरात खरं गाणाऱ्याचं नाव. सोनू निगमची 'रफी की यादें', कुमार सानूची 'किशोर की यादें', बाबला मेहतांची 'मुकेश की यादें'. रिक्षात, एस.टी. स्टँडवर, सलूनमध्ये, गणपतीच्या मांडवात, सगळीकडे ह्याच वाजायच्या.

आमच्या पुण्याच्या घरी यावरून जी भांडणं व्हायची ती आमच्या नातेवाइकांना सांगायला नकोत. थोरले काका मुकेशचे भक्त, बाबा रफीचे, आणि मामा 'सैगलनंतर गाणं संपलं' या पक्षाचे. एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं. व्हर्जनची कॅसेट घरात येता कामा नये! आई मात्र शांतपणे म्हणायची, "अहो, पण ओरिजिनल मिळतंय कुठे?"

आईचा हा प्रश्न त्या सगळ्या इतिहासाचं मूळ आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

जुन्या हिंदी सिनेमांची बहुतेक गाणी एच.एम.व्ही.च्या मालकीची होती. पण मालकी असणं वेगळं आणि दुकानात माल असणं वेगळं. पन्नासच्या दशकातलं एखादं गाणं हवं असेल तर दुकानदार सरळ 'नाही' म्हणायचा. रेकॉर्ड संपलेली, कॅसेट निघालेलीच नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टेपरेकॉर्डर घरोघरी आले, आणि ऐकायची भूक पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. दिल्लीत दर्यागंजला वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानात बसणाऱ्या गुलशन कुमार यांनी ही भूक ओळखली. १९८३ साली त्यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे आपली टी-सीरीज, सुरू झाली.

त्यांच्या हाताशी कायद्यातलं एक कलम होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ (१) (जे). त्याचा साध्या भाषेत अर्थ असा, की एखादं गाणं मालकाच्या परवानगीने एकदा ध्वनिमुद्रित झालं, त्यानंतर दोन वर्षं उलटली, की दुसरा कोणीही तेच गाणं नव्या गळ्यातून, नव्या वादकांकडून गाऊन घेऊ शकतो. त्याने मालकाला नोटीस द्यायची आणि ठरलेली रॉयल्टी भरायची. मूळ ध्वनिमुद्रण मात्र वापरायचं नाही. म्हणजे रफीचा आवाज एच.एम.व्ही.चा, पण गाणं नव्याने गायला वाट मोकळी. त्या फटीतून अख्खा धंदा उभा राहिला. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात उत्तर भारतातल्या या उलथापालथीचा फार छान आढावा आहे.

यात लबाडी नव्हती असं अजिबात नाही. वेष्टनावरचं नाव पाहून कितीतरी लोक फसले. 'हम आपके हैं कौन'च्या व्हर्जन कॅसेटवरून तर १९९५ साली ग्रामोफोन कंपनी आणि सुपर कॅसेट्स दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिल्या. पण त्या बारीक अक्षरातल्या नावांनी एक काम केलं, आणि ते मला आज मोठं वाटतं. त्यांनी जुनी गाणी पुन्हा बाजारात आणली. ज्या मुलाने रफी ऐकलाच नव्हता त्याने आधी सोनू निगम ऐकला आणि मग रफीपर्यंत पोचला. आमच्या बाबांना हे कधीच पटलं नाही. ते म्हणायचे, "नकलेतून अस्सलाकडे जाता येतं? मग फोटो बघून पोहता येईल!"

१९९२ साली मात्र आमच्या घरच्या या तहाला तडा गेला, आणि तो खुद्द एच.एम.व्ही.ने पाडला. लता मंगेशकरांचा 'श्रद्धांजली' आला. सैगल, पंकज मलिक, हेमंतकुमार, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी आणि आवाज लताबाईंचा. आता हे काय म्हणायचं? ही व्हर्जनच की! दुसऱ्याने गायलेलं गाणं तिसऱ्याने गायचं, नवा वाद्यमेळ, नवी कॅसेट. पण ही घरात आली, आणि आली ती मामाच्या हातून. सैगल पक्षाच्या!

त्या दिवाळीत तिच्यावर झालेली चर्चा मला अजून आठवते. काकांचं म्हणणं, मुकेशच्या गाण्यातला जो साधेपणा आहे, जरासा डगमगणारा सूर आहे, तोच तर मुकेश. लताबाईंचा सूर डगमगतच नाही, मग त्यात मुकेश उरला कुठे? बाबांचं म्हणणं, पुरुषाच्या पट्टीतलं गाणं बाईच्या पट्टीत नेलं की चाल तीच राहते पण वजन बदलतं. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ती सैगलसारखं गात नाहीये रे. सैगल ऐकत मोठी झालेली मुलगी गातेय. ते ऐका."

लताबाईंचं सैगलवेड सर्वांना माहीत आहे. आयुष्यातला पहिला रेडिओ विकत आणला, लावला, आणि त्यावर सैगल गेल्याची बातमी ऐकली, तो रेडिओ त्यांनी परत करून टाकला, अशी गोष्ट सांगितली जाते. सैगल गेले जानेवारी १९४७ मध्ये. त्यांच्याबरोबर गायची संधी लताबाईंना मिळाली नाही ती नाहीच. पंचेचाळीस वर्षांनी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्या त्यांची गाणी गायला बसल्या. मामाला ऐकू येत होतं ते हे.

नक्कल आणि श्रद्धांजली यांतला हा फरक मराठी माणसाला खरं तर नवा नव्हता. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची नाट्यगीतं गायली आणि त्या कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. मला वाटतं जगातल्या कुठल्याही ट्रिब्यूट अल्बमला यापेक्षा नेमकं नाव मिळालेलं नसेल. 'की यादें' म्हणजे त्यांच्यासारखं. 'मला उमजलेले' म्हणजे माझ्यातून ते. बालगंधर्वांच्या भक्तांना ते गाणं रुचलं नाही, कुमारांच्या भक्तांना रुचलं, आणि तो वाद अजून संपलेला नाही. तो संपू नयेच.

गीतरामायणाचं उदाहरण तर आणखी गमतीचं. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला चाललं. एकूण ५६ गाणी. तेव्हा ती एकट्या बाबूजींनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, लता मंगेशकर असे वेगवेगळे गळे होते. पुढे सुधीर फडक्यांनी सगळीच्या सगळी स्वतः गायली, जाहीर कार्यक्रम केले, रेकॉर्डी निघाल्या, आणि आज गीतरामायण म्हटलं की आपल्या कानात फक्त बाबूजी असतात. म्हणजे इथे संगीतकाराचंच 'व्हर्जन' मूळ गाण्याच्या पुढे निघून गेलं. अर्थात बाबूजींच्या गाण्याला व्हर्जन म्हटलं म्हणून आमच्या घरात मला जेवायला मिळालं नसतं ही गोष्ट वेगळी.

पुढे अल्फा मराठी आलं (१९९९ साली, २००५ मध्ये त्याचं झी मराठी झालं) आणि त्यावर 'नक्षत्रांचे देणे' सुरू झालं. एकेका कवीला, संगीतकाराला वाहिलेला कार्यक्रम. आरती प्रभूंच्या संग्रहाचं नाव त्यांनी घेतलं होतं. मराठीतले खरे ट्रिब्यूट अल्बम मी यांनाच म्हणेन. ते दुकानात मिळण्याच्या आधी टीव्हीवर दिसले. त्यामुळे आमच्या घरी गाणं आणि टीव्ही या दोन वेगळ्या गोष्टी कधी राहिल्याच नाहीत.

आता टीव्हीकडे वळतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला ते पोचलं पुढच्या वर्षी, सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे. अँटेना सिंहगडाकडे तोंड करून लावायची हे पुण्यातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. बाबा 'छायागीत'च्या वेळी टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी उतरवून घेत. सगळ्यांना तोंडावर बोट. तरीही त्या कॅसेटींत कुकरच्या शिट्ट्या आहेत, शेजारच्या काकूंची हाक आहे, आणि एका गाण्याच्या ऐन अंतऱ्यात आजी विचारते, "ही कोण रे, नूतन का?"

या साऱ्या व्यवहाराचा एक नियम होता. प्रत्येक प्रतीत काहीतरी गळायचं. प्रक्षेपक लांब असला तर चित्रात मुंग्या. कॅसेटवरून कॅसेट केली तर खरखर वाढलेली. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत गाणं म्हणजे पाण्याखालचं वाटायचं. पण ॲनालॉगचा एक गुण असा की ते हळूहळू बिघडतं. मुंग्यांतूनही नूतन ओळखू येते. डिजिटलचं तसं नाही. त्यात एक तर चित्र लख्ख, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठलेलं, नाहीतर काळा पडदा. मधलं काही नाही.

केबल आली १९९१-९२ च्या सुमारास, आखाती युद्ध आणि स्टारच्या पाठोपाठ. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी सुरू झालं. गल्लीतला मुलगा गच्चीवर डिश लावायचा आणि झाडांवरून, खांबांवरून वायर टाकत घरोघर पोचायचा. हा धंदाही व्हर्जनसारखाच, आधी सुरू झाला आणि कायदा मागून आला (१९९५ साली). त्यातली मोठी भानगड होती हिशेबाची. ॲनालॉग वायरीच्या टोकाला किती घरं आहेत हे वायर टाकणाऱ्याशिवाय कोणालाच कळायचं नाही. तो वाहिन्यांना सांगणार शंभर, प्रत्यक्षात असणार कितीतरी जास्त. वाहिन्या आकडा मान्य करणार नाहीत, दर वाढवणार, आणि अधूनमधून वाहिनीच बंद पाडणार. शिवाय त्या वायरीत जागा थोडी. चांगल्या बँडवर जागा मिळावी म्हणून नव्या वाहिन्यांनाच उलटे पैसे मोजावे लागत.

उपाय म्हणून सेट-टॉप बॉक्स आला, ज्याला आमच्या आत्याने पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हटलं. आधी 'कॅस' नावाने प्रयोग झाला. चेन्नईत सप्टेंबर २००३ पासून, आणि २००६ च्या ३१ डिसेंबरपासून मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत. तेव्हा ७७ रुपयांत किमान ३० फुकट वाहिन्या आणि पैसे भरायची प्रत्येक वाहिनी ५ रुपयांना, असा दर होता. तो प्रयोग पुढे फारसा पसरला नाही. मग २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्पे ठरले. ३१ ऑक्टोबर २०१२ ला चार महानगरं, ३१ मार्च २०१३ ला पुण्या-नागपूरसह ३८ शहरं, पुढे बाकीची शहरं आणि शेवटी गावं. चौथा टप्पा २०१७ पर्यंत लांबला.

गंमत पाहा. त्याच २०१२ सालच्या २१ जूनला कॉपीराइट कायद्यातली मोठी दुरुस्तीही लागू झाली. जुनी व्हर्जनची फट बंद झाली आणि तिच्या जागी ३१-सी हे नवं कलम आलं. आता दोनऐवजी पाच वर्षं थांबायचं. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव नाही, चित्र नाही, आणि हे व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहायचं. शब्दांत, चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, प्रती खपोत न खपोत, दर वर्षी प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. एखाद्या भाषेत खपच कमी असेल तर हा आकडा खाली आणायची सोय कायद्यात ठेवली आहे, पण मूळ आकडा पन्नास हजार.

म्हणजे एकाच वर्षी दोन कायदे, आणि दोघांचं म्हणणं एकच. नीट मोजा.

मला यातला एकही कायदा चुकीचा वाटत नाही, हे आधीच सांगतो. गीतकार-संगीतकारांना त्यांचा पैसा मिळालाच पाहिजे. वर्षानुवर्षं तो बुडाला. वाहिन्यांचंही तेच. घरोघर डबा बसल्यावर आकडा लपवणं कठीण झालं. पण मोजदाद सुरू झाली की लहान गोष्टी महाग होतात. पन्नास हजार प्रतींचे पैसे भरून कोण मराठीतल्या एखाद्या विसरलेल्या गायिकेची दहा गाणी नव्याने काढणार? मोठी कंपनी काढणार नाही कारण खप नाही. छोटी काढणार नाही कारण पैसे नाहीत. उरते ती मालकाशी थेट बोलणी, आणि ती छोट्या माणसाला किती जमतात हे सगळ्यांना माहीत आहे.

टीव्हीच्या बाजूने काय महाग झालं, ते आत्याच्या घरी पाहिलं.

आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी, मोतीबिंदूनंतर दिसायला बेताचंच. तिच्या भागातल्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. सकाळी आरती, संध्याकाळी 'भाड्याने देणे आहे' छापाच्या जाहिराती, आणि दुपारी दोन ते चार जुनी गाणी. फोन करून फर्माइश सांगायची. आत्या रोज दुपारी फोन करायची. आधी गाणं सांगायची, मग "जेवलास का रे?" विचारायची. तिला ते चॅनेल बघून लावावं लागत नसे. रिमोटचं बटण अकरा वेळा दाबलं की आलं. बोटांनाच पाठ होतं.

एप्रिल २०१३ मध्ये तिच्याकडे डबा आला. दोन रिमोट, तीन आकडी नंबर, पडद्यावर बारीक अक्षरांची यादी. चित्र अर्थातच सुरेख, आरशासारखं. शेकडो वाहिन्या, त्यात गाण्यांच्याच डझनभर. केबलवाल्याचं चॅनेल मात्र गेलं. सिग्नल आता वरच्या मोठ्या कंपनीकडून बंद होऊनच येत होता, आणि त्याच्या दोन तासांच्या गाण्यांना त्यात जागा नव्हती. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याची रोजीरोटीच निम्मी झाली होती. मी आत्याला गाण्यांच्या वाहिन्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, रिमोटवर नखरंगाचे ठिपके दिले. ती शिकलीही. पण महिन्याभराने विचारलं तेव्हा म्हणाली, "लागतात रे गाणी. पण ती कोणीतरी लावलेली नसतात."

यावर मला तेव्हाही उत्तर सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

हवेतून येणाऱ्या जुन्या दूरदर्शनचंही मग हेच झालं. २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत दूरदर्शनने डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं आणि ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. ३१ मार्च २०२२ पर्यंत, सीमेसारख्या मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून, बाकीचे बंद करायचं ठरलं होतं. तोवर अँटेना उरली होतीच किती घरांवर! गरीब घरांची सोय डीडी फ्री डिशने केली होती. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' म्हणून ३३ वाहिन्यांनिशी ती सुरू झाली तेव्हापासून तिला महिन्याचं भाडं नाही. त्यामुळे फारसा गलका झाला नाही. झाला तो एका पिढीच्या कानांपुरता.

लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या. त्या दिवशी दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर त्यांची गाणी होती, लख्ख, एकाही मुंगीशिवाय. आणि त्यानंतर आठवडाभर त्यांची गाणी गाणाऱ्या मुली. बऱ्याच जणी हुबेहूब गात होत्या, श्वाससुद्धा लताबाईंच्याच जागी घेत. मला मामा आठवला. लता ऐकत मोठी झालेली मुलगी या सगळ्यांत कोण, ते मी शोधत होतो. एक-दोन सापडल्या. त्या तितक्या हुबेहूब गात नव्हत्या.

डिजिटल प्रत हुबेहूब असते, लाखावी प्रतसुद्धा पहिलीसारखीच. त्यामुळे हुबेहूबपणाला आता किंमत उरलेली नाही असं मला वाटतं. मूळ गाणं बोटाच्या अंतरावर आहे, आईचा "मिळतंय कुठे?" हा प्रश्न संपला. आता कोणी जुनं गाणं पुन्हा गायलं तर त्याला एकच कारण उरतं, त्याला ते काय उमजलं हे सांगणं. व्हर्जनच्या धंद्याला हे कारण कधीच लागलं नव्हतं. कुमारांना लागलं होतं.

बाबांच्या कॅसेटी मी काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. दुकानातल्या मुलाने विचारलं, "काका, मागचा आवाज काढून टाकू? एकदम क्लीन होईल." मी नको म्हटलं. 'छायागीत'ची ती गाणी कुठेही मिळतील, याहून शंभरपट चांगली. पण "ही कोण रे, नूतन का?" हे एकाच कॅसेटवर आहे.

नातेवाईक मंडळींना म्हणूनच एक विनंती. माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर रद्दीत देऊ नका. आधी वरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एवढं लिहा, की साल कोणतं, घर कोणाचं, आणि मागे बोलतंय कोण. गाण्याचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल. ते कोणीही ओळखेल.